पानिनीच्या चित्रांतील प्राचीन रोम : प्रमाण कोणतें, कल्पना कोणती ?

अठराव्या शतकांत रोम शहरीं प्राचीन इमारतींचीं जीं अनेक चित्रें निर्माण झालीं, त्यांविषयीं पुराणवस्तूंच्या अभ्यासकांत दोन टोकांचीं मतें आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, चित्रकार त्या काळीं त्या जागीं हजर होता, त्यानें पाहिलें तें काढलें. सबब त्याचें चित्र अव्वल दर्जाचें साधन मानावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हीं चित्रें म्हणजे श्रीमंत प्रवाशांच्या दिवाणखान्यांसाठीं मागणीबरहुकूम तयार केलेली सजावट; त्यांत इमारती सोयीप्रमाणें हलविलेल्या असतात; सबब इतिहासानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. ज्योव्हान्नी पाओलो पानिनी हा ह्या जातीच्या चित्रकारांचा अग्रणी. त्याचीं कांहीं प्रसिद्ध चित्रें, जशीं तीं छापील प्रतिकृतींतून सर्वांस उपलब्ध आहेत तशीं, बारकाईनें तपासलीं असतां हीं दोन्ही मतें उणीं पडतात, असें आम्हांस वाटतें. चित्र खरें कीं खोटें, हा प्रश्न फार मोघम आहे. चित्रांतील कोणती गोष्ट कोणत्या प्रश्नापुरती प्रमाण मानावी, एवढें विचारलें कीं वाद बराचसा मिटतो.

पानिनी हें नांव वाचून आमच्या वैयाकरण पाणिनीचें स्मरण होणें साहजिक आहे. परंतु साम्य उच्चारापुरतेंच. हा पानिनी १६९१ सालीं उत्तर इटालींतील पिआचेंझा गांवीं जन्मला. तेथें त्यानें नाटकगृहाचे पडदे व भिंतींवरील आभासी कमानी रंगविण्याची विद्या संपादन केली. १७११ सालीं तो रोमला आला, बेनेदेत्तो लूती ह्याजपाशीं मनुष्याकृति काढण्याचा अभ्यास केला, आणि १७६५ सालीं मृत्यु येईपर्यंत रोमांतच राहिला. १७१९ सालीं तेथील सेंट ल्यूकच्या चित्रकारमंडळांत त्याचा प्रवेश झाला. पुढें तो त्या मंडळाचा अध्यक्षहि झाला. रोममधील फ्रेंच अकादमींत तो यथार्थदर्शन, म्हणजे जवळची व दूरची वस्तु प्रमाणांत दाखविण्याचें शास्त्र, शिकवीत असे. हा तपशील केवळ चरित्रापुरता नाहीं. ज्याची पहिली विद्या नाटकाच्या पडद्यांची आहे, त्याला जागा आहे त्याहून मोठी भासविणें चांगलें साधतें. आणि जो यथार्थदर्शनाचा शिक्षक आहे, त्याच्या हातून रेषा चुकली असें समजण्यापूर्वीं ती त्यानें मुद्दाम वळविली कीं काय, हें पाहिलें पाहिजे.

त्या काळीं रोमचीं चित्रें दोन जातींचीं होत. एकीस इटालियन लोक वेदूता म्हणत. तींत एखाद्या जागेचा दिसतो तसा देखावा असे. दुसरी काप्रिच्चो. ह्या शब्दाचा अर्थच लहर. तींत प्रत्यक्ष असलेल्या इमारती चित्रकार आपल्या मनाप्रमाणें एकत्र आणून बसवी. इंडियानापोलिस येथील कलासंग्रहालयांत पानिनीचीं १७३५ सालचीं अशीं दोन जोडचित्रें आहेत. एकांत पँथिऑन व इतर इमारती, दुसऱ्यांत कलोसियम व इतर इमारती. पानिनीच्या काप्रिच्चोंतून ट्रेजनचा स्तंभ, मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा, एखादा मिसरी सूचिस्तंभ, हीं मंडळी वारंवार भेटतात. प्रत्यक्षांत मार्कस ऑरेलियसचा पुतळा १५३८ पासून कॅपिटोल टेंकडीवर होता, ट्रेजनचा स्तंभ त्या टेंकडीच्या पायथ्यापलीकडे, पँथिऑन शहराच्या दुसऱ्याच दाट वस्तींत. पँथिऑन व कलोसियम ह्यांमध्यें सुमारें दीड किलोमीटरचें अंतर आहे. काप्रिच्चोच्या जगांत हें अंतर व ही वस्ती दोन्ही नाहींशीं होतात. इमारती जणूं सभेस बोलाविल्याप्रमाणें मोकळ्या मैदानांत येऊन उभ्या राहतात.

तेव्हां असें चित्र घेऊन कोणी रोमचा नकाशा सांगूं लागेल तर तो फसेल. पण तेवढ्यावरून स्तंभ खोटा ठरत नाहीं, पुतळाहि खोटा ठरत नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर पदें रोमचीं आहेत, वाक्य पानिनीचें आहे. वाक्याचा अर्थ चित्रकाराच्या माथीं मारावा, पदांचा अर्थ मात्र एकेक पद घेऊन तपासावा. आमच्या वाचकांस ही रीत परकी नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची कठोर झडती घेतली. तरी त्यामुळें कोणी बखरी जाळून टाकल्या नाहींत. बखरींतील क्रम व संवाद ह्यांवर विश्वास कमी झाला, आणि तींतील एखादें सहजगत्या आलेलें नांव, नातें किंवा रिवाज ह्यांचें मोल उलट वाढलें. काप्रिच्चोलाहि हाच न्याय लावावा.

आतां एकच इमारत घेऊन ही रीत चालवून पाहूं. पँथिऑनच्या मुखमंडपावर मार्कस अग्रिप्पानें तिसऱ्यांदा कॉन्सल असतां ही इमारत बांधली, असा लॅटिन लेख आहे. पानिनीच्या काळीं हा लेख अक्षरशः खरा मानला जाई. १८९२ सालीं जॉर्ज शेदान ह्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानें विटांवरचे शिक्के तपासले व सध्यांची इमारत हेड्रियन बादशहाच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील, असल्याचें दिसून आलें. लेख जुन्या इमारतीचा, भिंती मागाहूनच्या. शिलालेखाचें वाचन अचूक असून त्यावरून काढलेलें अनुमान चुकूं शकतें, ह्याचें हें ठळक उदाहरण होय. परंतु ह्या शोधानें पानिनीच्या चित्राला कोठेंच धक्का लागत नाहीं. कारण इमारत कोणी बांधली हें चित्र सांगतच नाहीं. ती १७३५ च्या सुमारास कशी होती, एवढेंच विचारल्यास तें उत्तर देतें.

तें उत्तर तपासण्याचें एक सोपें साधन ह्या इमारतीनें स्वतःच दिलें आहे. सतराव्या शतकांत, आठव्या अर्बन पोपच्या कारकीर्दींत, पँथिऑनच्या मुखमंडपामागें दोन घंटामनोरे उभारण्यांत आले. रोमचे लोक त्यांस थट्टेनें गाढवाचे कान म्हणत. १८८३ सालीं ते काढून टाकले. म्हणजे अठराव्या शतकांत रोमांत राहणाऱ्या प्रत्येक मनुष्यास हे मनोरे रोज दिसत होते. तेव्हां त्या शतकांतील बाहेरचा देखावा हातीं आला कीं, प्रथम मनोरे आहेत कीं नाहींत हें पाहावें. असल्यास चित्रकारानें डोळ्यांपुढील वस्तु मान्य केली. नसल्यास त्यानें आपल्या मतें प्राचीन रोम परत आणला. आणि तें चित्र पँथिऑनपेक्षां चित्रकाराच्या व त्याच्या गिऱ्हाइकाच्या आवडीविषयीं अधिक सांगतें. वगळलेली वस्तु हाहि पुरावाच असतो, पण तो निराळ्या प्रश्नाचा.

ह्याच इमारतीच्या आंतील भागाचें पानिनीचें एक चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. तें १७३४ च्या सुमाराचें. उंची सव्वा मीटरहून थोडी अधिक, रुंदी सुमारें एक मीटर. मुख्य वेदीच्या बाजूनें दरवाज्याकडे पाहिल्याचा हा देखावा आहे. उघड्या दारांतून मुखमंडपाचे स्तंभ व त्यापलीकडील चौक दिसतो. वर घुमटाचे चौकोनी खळगे, माथ्यावरील वर्तुळाकार छिद्र व त्यांतून आंत उतरलेलें ऊन. खालीं फरशीवर माणसें: कोणी गुडघे टेंकून प्रार्थना करीत आहे, कोणी हात वर करून सोबत्याला घुमट दाखवीत आहे. प्रथमदर्शनीं वाटतें, हा तर प्रत्यक्ष देखावा, वेदूता. येथें कल्पनेला वाव कोठला?

वाव आहे, आणि पानिनीनें तो पुरेपूर घेतला आहे. घुमटाचा व्यास सुमारें ४३.३ मीटर, आणि फरशीपासून माथ्यापर्यंतची उंचीहि तेवढीच. माथ्याचें छिद्र सुमारें ९ मीटर व्यासाचें. आंत उभ्या असलेल्या मनुष्याला छिद्र पाहावयाचें तर मान वर करावी लागते, फरशी पाहावयाची तर खालीं, आणि दोन्ही बाजूंचे कोनाडे पाहावयाचे तर डावीउजवीकडे वळावें लागतें. पानिनीनें ह्या सर्व नजरा एका चौकटींत सांधल्या आहेत. हें चित्र ज्या जागेवरून दिसेल अशी एकहि जागा त्या इमारतींत नाहीं. ह्या चित्रावर पट्टी ठेवून पँथिऑनचीं मापें काढणारा, काप्रिच्चोवरून नकाशा काढणाऱ्याइतकाच फसेल. फरक एवढाच कीं, काप्रिच्चो आपण कल्पित आहों हें लपवीत नाहीं. हें चित्र मात्र प्रत्यक्षाचा वेष घेऊन येतें.

तरीहि ह्याच चित्रांत एक गोष्ट अशी आहे कीं, जिच्यासाठीं वास्तूच्या इतिहासकारानें त्याचे आभार मानावे. आंतल्या भिंतीवर, खालच्या मोठ्या स्तंभांची ओळ व घुमटाची सुरुवात ह्यांच्यामध्यें, एक रुंद पट्टा आहे. प्राचीन रचनेंत ह्या पट्ट्यावर रंगीत दगडांचे बारीक, चपटे अर्धस्तंभ व त्यांमध्यें खिडक्यांसारख्या चौकटी होत्या. १७४७ च्या सुमारास ही जुनी सजावट काढून तेथें मोठमोठ्या कपाळपट्ट्यांच्या आंधळ्या खिडक्या बसविण्यांत आल्या, आणि आज बहुतेक भागीं त्याच दिसतात. पानिनीचें चित्र ह्या फेरफारापूर्वीं सुमारें बारा-तेरा वर्षांचें. त्यांत जुना पट्टा आहे.

ही साक्ष एकट्याची असती तर आम्ही तिला इतकें वजन दिलें नसतें. परंतु सोळाव्या शतकाच्या आरंभीं राफाएलनें ह्याच अंतर्भागाचें एक रेखाटन केलें होतें. तें फ्लॉरेन्स येथें आहे. त्यांतहि पट्टा जुन्याच रचनेचा. आणि मौज अशी कीं, त्या रेखाटनांतहि मांडणी बिनचूक नाहीं. भिंतीचा एक भाग गळला आहे. म्हणजे दोन साक्षीदार, मध्यें दोन शतकांचें अंतर. दोघेहि मांडणींत चुकतात, पण निरनिराळ्या रीतीनें चुकतात, आणि पट्ट्याच्या बाबतींत दोघांचें एकमत आहे. एकानें दुसऱ्याची नक्कल केली असती तर चूकहि एकच झाली असती. पाठचिकित्सा करणाऱ्यास ह्याहून भक्कम पुरावा क्वचित् मिळतो. विसाव्या शतकांत ह्या पट्ट्याचा एक लहानसा भाग पुन्हां जुन्या रूपांत बसविण्यांत आला आहे. जाणाऱ्यास तो मागाहूनच्या कामाशीं ताडून पाहतां येतो.

नांवांच्या बाबतींत मात्र ह्या शतकाच्या चित्रांपासून सावध राहिलें पाहिजे. रोमचा प्राचीन चौक, ज्यास फोरम म्हणतात, तो त्या काळीं गाळमातीखालीं बुजून गुरांचें रान झाला होता; नांवहि कांपो वाच्चीनो, गाईंचें कुरण, असेंच पडलें होतें. पानिनीनें ह्या कुरणाचीं चित्रें काढलीं आहेत. त्या काळच्या लोकांनीं तेथील अवशेषांस दिलेलीं नांवें पुढें एकामागून एक बदललीं. ज्याला ते शांतिदेवतेचें मंदिर म्हणत तें मॅक्सेंटियसचें सभागृह ठरलें; ज्याला कॉन्कॉर्डचें मंदिर म्हणत तें सॅटर्नचें ठरलें; गडगडाट करणाऱ्या ज्युपिटरचे म्हणून जे तीन स्तंभ दाखवीत ते व्हेस्पेशियनच्या मंदिराचे निघाले. हेच तीन स्तंभ अठराव्या शतकांत जवळजवळ डोक्यापर्यंत मातींत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, फ्रेंचांच्या अमलांत, ते मोकळे झाले. तेव्हां चित्राखालचें नांव चुकीचें असूनहि चित्रांतली जमिनीची पातळी बरोबर असूं शकते. पोथीची पुष्पिका एकाची व मजकूर दुसऱ्याचा, हा प्रकार हस्तलिखितें हाताळणारांस नवा नाहीं. पुष्पिका खोटी म्हणून पोथी टाकून देत नाहींत; तसेंच पुष्पिकेवर विसंबून मजकुराचा कर्ताहि ठरवीत नाहींत.

पानिनीची सर्वांत गाजलेली कृति त्याच्या उतारवयांतली. फ्रान्सचा रोममधील वकील काउंट द स्टॅंव्हील, जो पुढें शुआझलचा ड्यूक म्हणून प्रसिद्धीस आला, त्याच्यासाठीं पानिनीनें 'प्राचीन रोम' व 'अर्वाचीन रोम' अशीं जोडचित्रें केलीं. 'प्राचीन रोम' मध्यें एक भव्य कल्पित दालन आहे. त्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत चित्रांनीं भरल्या आहेत, आणि त्या प्रत्येक चित्रांत रोमचा एकेक अवशेष: पँथिऑन, कलोसियम, ट्रेजनचा स्तंभ. जमिनीवर लाओकून, फार्नीस घराण्याचा हर्क्युलीस, मेदिची घराण्याचा संगमरवरी कलश. असें दालन कोणत्याहि वाड्यांत नव्हतें. ह्या वस्तु निरनिराळ्या मालकांच्या होत्या. परंतु त्या सर्व १७५७ सालीं रोमांत होत्या, हें खरें. मेदिची कलश १७८० सालीं फ्लॉरेन्सला गेला. हर्क्युलीस १७८७ सालीं नेपल्सला गेला. म्हणजे ज्या चित्राला सर्वांत काल्पनिक म्हणावयाचें, तेंच एका विशिष्ट सालची रोममधील वस्तूंची यादी होऊन बसलें आहे. संग्राहकानें ह्या चित्राकडे यादी म्हणून पाहिलें तर त्याला पुष्कळ मिळेल. दालन शोधीत बसला तर कांहींच मिळणार नाहीं.

'प्राचीन रोम' ह्या चित्राच्या पानिनीकृत तीन प्रती प्रसिद्ध आहेत: एक स्टुटगार्टला, एक १७५७ ची न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत, एक १७५८ ची पॅरिसच्या लूव्रमध्यें. पँथिऑनच्या अंतर्भागाचीहि त्यानें अनेकदां आवृत्ति काढली. १७४७ सालची एक क्लीव्हलंड येथें आहे. येथें एक धोका आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत मोठा. तीन प्रतींत एक गोष्ट सारखी आढळली म्हणून ती तिप्पट सिद्ध झाली, असें कोणी म्हणूं नये. एका घराण्याच्या तीन पोथ्या म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत; एकच साक्षीदार तीनदां बोलला. उलट, ज्या जागीं प्रती भिन्न होतात तेथेंच थांबून विचारावें: चित्रकार पुन्हां जागेवर जाऊन पाहून आला, कीं गिऱ्हाइकाच्या इच्छेनें बदल केला ? राफाएलच्या साक्षीचें मोल ह्याचसाठीं अधिक कीं, ती पानिनीच्या घराण्याबाहेरची आहे.

आतां कलेच्या दृष्टीनें दोन शब्द. कल्पना केली म्हणून पानिनीस दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. क्षेमेंद्रानें औचित्याचा जो विचार मांडला, त्याची कसोटी येथें लावावी: केलेला फेरफार विषयाच्या प्राणास धरून आहे कीं नाहीं ? अंतर्भागाच्या चित्रांत नजर रुंदावली आहे ती ह्या वास्तूच्या स्वभावाला अनुसरून. आंत शिरलेला मनुष्य मान फिरवीत जें अनुभवतो, तेंच चित्रकारानें एका दृष्टिक्षेपांत दिलें. शिवाय गुडघे टेंकलेली माणसें दाखवून त्यानें एक मर्महि सांगितलें: हें देवालय ६०९ सालीं ख्रिस्ती मंदिर झालें व पूजेंत राहिलें, म्हणूनच तें उभें आहे. काप्रिच्चोंत हें मर्म हरवतें. तेथें इमारतींना शेजार नाहीं, रस्ता नाहीं, वापर नाहीं. रंग मोहक, छाया कुशल, प्रत्येक स्तंभ नेटका. परंतु इमारती एकमेकींशीं बोलत नाहींत, गिऱ्हाइकाशीं बोलतात. प्रवासी घरीं परतल्यावर ह्या एका चित्रांत त्याला सारें रोम मोजून दाखवितां यावें, ही त्यामागची गरज. ती गरज पानिनीनें उत्तम भागविली. परंतु चित्र म्हणून आम्ही अंतर्भागालाच वरचढ ठरवूं.

ह्या विषयाचा एक धागा आमच्या प्रांतापर्यंत येतो. अवशेषांच्या देखाव्यांची ही युरोपांतील आवड इंग्रजांबरोबर इकडे आली. पुणें दरबारीं इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटसाठीं पुण्याच्या गंगाराम तांबटानें वेरूळचीं लेणीं काढलीं. १७९१ सालीं मुंबईस आलेल्या जेम्स वेल्सनेंहि तीं काढलीं. वेल्स १७९५ सालीं वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनें वेरूळचा चित्रसंग्रह १८०३ सालीं लंडनला प्रसिद्ध केला. ह्या संग्रहाचे सुटे पत्रे विक्रीस येतात. ते घेणारानें विचारलें पाहिजे कीं, ह्यांत लेण्यापुढें उभ्या असलेल्या वेल्सचें किती, आणि लंडनांत पत्रा तयार करणाऱ्या डॅनियलचें किती. तांबटाचीं रेखाटनें पत्र्याहून ओबडधोबड दिसलीं तरी तीं ह्या घराण्याबाहेरचीं आहेत. म्हणून शक्य तेथें दोन्ही शेजारीं ठेवूनच निर्णय करावा.

सारांश, जुन्या इमारतींचें चित्र हातीं आल्यास त्याची नोंद करतांना पांच गोष्टी लिहाव्या: चित्र एका जागेवरून दिसण्याजोगें आहे कीं जुळविलेलें, त्यांतील प्रत्येक वस्तु निराळी मांडून ती त्या सालीं तेथें होती काय, कोणती ठाऊक असलेली वस्तु वगळली आहे, खालचें नांव कोणी व केव्हां घातलें, आणि चित्राच्या दुसऱ्या प्रती कोठें आहेत व त्यांचें परस्पर नातें काय. ह्यासाठीं चित्राची पाठ, कडा व जुनी चौकट ह्यांवरील लिखाण शाबूत राहिलें पाहिजे. शोभेसाठीं कडा कापून नवी चौकट घालण्याची जी चाल पडली आहे, तिनें ह्या पांचांपैकीं निदान दोन प्रश्नांचीं उत्तरें कायमचीं नष्ट होतात. संग्राहक बंधूंनीं तेवढें तरी टाळावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.